एका दिवसाआडची गोळी

धाराशिवच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात आठ खाटांचा एक वॉर्ड होता. सहा खाटांजवळ आया बसलेल्या असायच्या, एका खाटेजवळ आजी, आणि खिडकीकडच्या शेवटच्या खाटेजवळ मी. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आम्ही तिथं अठरा दिवस काढले. त्या अठरा दिवसांत माझं जेवढं कौतुक झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं, आणि पुन्हा कधी होऊ नये असं मला वाटतं.

मी पोरीची वेणी घालायचो. तिला अळणी खिचडी भरवायचो. तिची लघवी मापाच्या भांड्यात धरून किती झाली ते कागदावर लिहायचो. सकाळी सिस्टर फीत घेऊन पोटाचा घेर मोजायला आल्या की तिला धरून बसायचो, कारण पोटाला हात लागला की ती कळवळायची. ही सगळी कामं त्या वॉर्डातली प्रत्येक बाई करत होती, वर घरून येणाऱ्या फोनवर शिव्याही खात होती. त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. मी कंगवा हातात घेतला की मात्र बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"असा बाप मिळायला नशीब लागतंय," शेजारच्या खाटेवरची आजी म्हणायची. ती सास्तूरची. सून नुकतीच बाळंत झालेली, म्हणून न्युमोनिया झालेल्या नातवाला घेऊन तीच आली होती. "आमच्यातले बापे दारातनंच इचारतेत, बरंय का म्हनून, आन् जातेत."

मग जरा थांबून ती पुढचं विचारायची. "आन् पोरीची आई वो?"

पोरीची आई एसटीत कंडक्टर. तेव्हाही होती, आजही आहे. तिची गाडी दुपारी धाराशिवला यायची आणि अर्धा तास थांबायची. तेवढ्यात ती स्टँडवरून दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळत यायची. अंगात खाकी ड्रेस, खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन. पोरीच्या पायावर बोट दाबून सुजेत खड्डा किती राहतो ते बघायची. कागदावरचे आकडे वाचायची. पोरीच्या केसांतून हात फिरवायची आणि घड्याळाकडं बघत उठायची. कधी तिची गाडी एखाद्या खेड्यात मुक्कामाला असायची, मग ती दुसऱ्या दिवशीच दिसायची. रजा आधीच्या दोन आजारपणांत संपून गेल्या होत्या. नोकरी सुटली तर पोरीचं औषध बंद पडेल, हे आम्हा दोघांना माहीत होतं. वॉर्डाला ते माहीत नव्हतं. वॉर्डाला एवढंच दिसत होतं की बाप बसलाय आणि आई घड्याळ बघतेय.

मी ते त्यांना सांगू शकलो असतो. मी म्हणायचो, "ड्युटी असते तिला." आणि असं म्हणताना आवाज थोडा पडेल ठेवायचो, म्हणजे ऐकणारीला माझी दया यायची.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. आम्ही नळदुर्गला राहतो. हायवेवरच्या ढाब्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंती, हे माझं काम. माझं अक्षर चांगलं आहे. पण फ्लेक्स आले आणि काम महिन्यातून चार-पाच दिवसांवर आलं. घर बायकोच्या पगारावर चालायला लागलं. मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलावं लागतही नाही. भावकीतल्या लग्नात लोक तिला विचारायचे, "ड्युटी कशी चाललीय?" आणि मला विचारायचे, "मग, सध्या काय?"

पोरीचा आजार सहाव्या वर्षी सुरू झाला. सकाळी उठली की पापण्या फुगलेल्या. आम्हाला वाटलं काहीतरी चावलं असेल. मग पाय फुगले, मग पोट. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनीची चाळण सैल झालीय, रक्तातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातंय. बहुतेक मुलं मोठी होता होता ह्यातून सुटतात, पण तोवर आजार पुन्हा पुन्हा उलटतो. औषध म्हणजे स्टेरॉईडच्या गोळ्या. आजार उलटला की रोज. लघवी साफ झाली की एका दिवसाआड, आणि मग महिनोन् महिने थोडी थोडी कमी करत आणायची. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. लघवी रोज पट्टीनं तपासायची, आणि गोळी आपल्या मनानं कधीही बंद करायची नाही. पुढं बायकोची गाडी धाराशिवला जायला लागली तशी आम्ही तिथल्या एका डॉक्टर मॅडमकडं पोरीला दाखवायला लागलो.

बायकोनं ते सगळं अंगावर घेतलं. ड्युटीला जायच्या आधी ती पोरीला उठवून लघवी तपासायची. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर आजार उलटला. एका डायरीत तारीख, पट्टीचा रंग आणि गोळी दिली की नाही ते लिहायची. पट्टी पिवळी असली की लिहायची "निल". आजार उलटला की पोरीचं मीठ बंद, आणि तिला एकटीला अळणी नको म्हणून आमचंही बंद. ठरवायची ती, आणि मी सांगितलेलं करायचो.

दवाखान्यात यायच्या आधीच्या डिसेंबरात तिच्या ड्युट्या बदलल्या. पहाटे फार लवकर घर सोडावं लागायचं, शिवाय आठवड्यातून दोन-तीन मुक्काम. पट्टी, डायरी आणि गोळी माझ्याकडं आली. तिनं मला सगळं तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा मला राग आला.

"मला वाचाय येतंय," मी म्हणालो.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. पोरगी चौथीत. स्टेरॉईडनं तिचा चेहरा गोल झाला होता, गाल वर येऊन डोळे बारीक दिसायचे, ओठाच्या वर लव आली होती. पोरं तिला भोपळा म्हणायची. नाचात ती पुढच्या रांगेत होती. भाड्यानं आणलेला ड्रेस तिला बसेना म्हणून आधी मागच्या रांगेत घातलं, मग नाचातून काढून पडदा ओढायला उभं केलं. ती रडली नाही. घरी आली, आरशासमोर उभी राहिली, दोन्ही गाल आत ओढून बघितले आणि मला म्हणाली, "पप्पा, गोळी बंद केली तर गाल जातेत का?"

"जातेत की," मी म्हणालो.

पुढची गोळी मी दिली नाही. "मम्मीला सांगायचं न्हाय," मी तिला बजावलं. तिनं मान हलवली.

इथं मला स्वतःला चांगलं दाखवायची सोय आहे. लेकीचं दुःख बघवलं नाही असं म्हणता येईल, आणि ते खोटं नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तिची लघवी महिनाभर साफ होती, गोळी आधीच अर्ध्यावर आली होती, आणि मला वाटलं, घरात एवढी एक गोष्ट मी ठरवली तर काय बिघडतं. बायको डॉक्टरांचं ऐकून पोरीला फुगवतेय आणि मी तिला परत माणसांत आणतोय, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. गोळ्या मी मोरीत टाकत होतो, पाकिटातल्या बरोबर संपाव्यात म्हणून. आपण योग्य करतोय अशी ज्याची खात्री असते तो माणूस गोळ्या मोरीत टाकत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं.

दहा-बारा दिवस काही झालं नाही. पोरगी खुशीत होती. गाल काही उतरले नव्हते, पण उतरलेत असं आम्ही दोघं एकमेकांना सांगायचो. मग तिला सर्दी झाली आणि दोन दिवसांनी पट्टी हिरवी झाली. मी डायरीत "निल" लिहिलं. सर्दीनं असेल, उद्या पिवळी होईल. दुसऱ्या दिवशी रंग आणखी गडद. मी घाबरून गोळी परत सुरू केली, कुणालाही न सांगता, आणि पुन्हा "निल" लिहिलं. बायको म्हणाली, पोरीचं तोंड जड दिसतंय. मी म्हणालो, सर्दीनं. असं पाच दिवस. पाचही दिवस सुबक अक्षरात "निल".

सहाव्या दिवशी पोरीला ताप भरला आणि पोट दुखून ती अंथरुणावर वाकडी झाली. शेजाऱ्याच्या जीपनं आम्ही तिला धाराशिवला आणलं. बायको ड्युटी दुसरीवर टाकून तिकडूनच आली.

मॅडमनी पोट तपासलं, पट्टी बुडवली. पट्टी गर्द हिरवी. "गोळी चुकली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

पोरगी खाटेवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती काही बोलली नाही. पोटात एवढी आग होत असताना तिनं माझा शब्द पाळला.

बायकोनं मी घरून आणलेल्या पिशवीतून डायरी काढून दिली. मॅडमनी पानं उलटली. "कालपर्यंत निल, आणि आज एवढी सूज? हे कसं शक्य आहे? पट्ट्या जुन्या आहेत, की बघण्यात चूक होतेय? घरी लक्ष कोण देतं?" हे त्यांनी बायकोकडं बघून विचारलं. डायरी तिच्या हातातून आली होती, आणि आई ती होती.

"पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघते, मॅडम," बायको खाली बघत म्हणाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पोरीच्या अंगावरची चादर नीट करत राहिलो.

पोटात साठलेल्या पाण्यात जंतू झाले होते. दिवसातून तीन वेळा इंजेक्शनं, सलाईनमधून प्रोटीन, लघवी व्हायचं औषध. हातावर शीर सापडेना तेव्हा पायावर. पोरीला एवढं टोचलं की पुढं पुढं ती सिस्टरलाच सांगायची, "इथं नको, तिथं मिळंल बगा." सिस्टर हसायच्या. मला हसू यायचं नाही.

रात्री नवानंतर पुरुषांना वॉर्डात थांबता यायचं नाही. मी बाहेरच्या बाकावर पडायचो आणि पोरीकडं सास्तूरची आजी बघायची. पोरीला उठवून लघवीला न्यायची, माप लक्षात ठेवून सकाळी मला सांगायची. तिचं पहिलं लेकरू भूकंपात गेलं होतं, पाळण्यातलं. एकदा बोलता बोलता तिनं ते सांगितलं, आणि लगेच नातवाचं नाक पुसायला लागली. लेकराजवळ कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असावं, एवढंच तिला कळत होतं. जो बसतो तो चांगला. जो बसत नाही त्याचं कारण तिला ऐकायचं नव्हतं. आणि मी तिच्या उपकाराखाली होतो, म्हणून तिला उलटून बोलणं बरं दिसणार नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला तिचं बोलणं गोड लागत होतं.

एक दिवस अणदूरहून माझी आई आली. तिनं खंडोबाचा भंडारा आणला होता, तो पोरीच्या कपाळाला लावला. वॉर्डातल्या बायकांनी तिला जागा करून दिली आणि माझे गुण सांगितले. आई भरून आली. "ल्योक माझा पहिल्यापास्नं मायाळू," ती म्हणाली. "आता नशिबी अशी बायको आली. तिला लेकरापरीस डबल बेल गोड."

सगळ्या हसल्या. मीही ओठ ताणले. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली असेल असं मला वाटलं.

त्याच दुपारी बायको आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता. जुन्या तिकीट-रोलच्या पाठीमागं तिनं गेल्या दोन महिन्यांच्या तारखा लिहून काढल्या होत्या. कोणत्या दिवशी ती घरी होती, कोणत्या दिवशी मुक्कामाला, कोणत्या दिवशी पोरीनं बाहेरचं खाल्लं असेल. गाडीत तिकिटं फाडून झाली की ती रोज हा कागद घेऊन बसत होती. कुठं चुकलं ते शोधत होती.

"हितं बगा," ती मला म्हणाली, "संक्रांतीला म्या पोळीत मीठ टाकल्तं. चिमूटभर. तवापास्नं तर न्हाय ना?"

"न्हाय गं," मी म्हणालो.

"मग काय झालं?"

"काय म्हाईत."

मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय. गिऱ्हाइकाला उद्या बोर्ड देतो म्हणून आठवडा लावलाय. पण ते "काय म्हाईत" मला अजून ऐकू येतं.

तेराव्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. जंतू आटोक्यात आले होते, पण प्रोटीन अजून जातच होतं. त्या म्हणाल्या, "गोळी चालू असताना एवढ्या जोरात उलटलं, आणि आता रोजची गोळी देऊनही उतरत नाही. म्हणजे गोळी हिला लागू पडेनाशी झालीय असं दिसतंय. पुण्याला पाठवावं लागेल. किडनीचा तुकडा सुईनं काढून तपासतात. मग ह्याच्यापेक्षा कडक औषध. त्या औषधाचे त्रास वेगळे आहेत, ते मी तुम्हाला सांगते."

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग तो तिकीट-रोलचा कागद पुढं केला. "मॅडम, ह्या तारखांना मी घरी नव्हते. माझ्यामुळं झालं का?"

मॅडमनी कागद बघितला. "आता ते शोधून काय करायचं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्या दिवशीसारखा कडक नव्हता. बायकोनं कागदाची घडी घालून बॅगेत ठेवली. तिची गाडी सुटायची वेळ झाली होती.

ती गेल्यावर मी केबिनबाहेर तासभर उभा होतो. मला धीर आला म्हणून मी आत गेलो असं नाही. पोरीच्या पाठीत सुई जाणार आणि ती माझ्या खोट्यापायी जाणार, ह्याची मला भीती वाटली, म्हणून गेलो.

"मॅडम, गोळी मी बंद केली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"दोन आठवडे. मग परत दिली."

"डायरीतलं निल?"

"शेवटचे पाच दिवस पट्टी हिरवी होती."

त्यांनी फाईल पुढं ओढली. मग म्हणाल्या, "अशी गोळी एकाएकी तोडली तर मूल हातचं जातं. हे सांगितलं होतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"तेरा दिवस मी हिच्यावर वेगळाच आजार धरून चाललेय. उद्या पुण्याची चिठ्ठी देणार होते." त्यांनी फाईल उघडली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "आता आठ-दहा दिवस रोजच्या गोळीला देऊ. उतरायला हवं."

"मॅडम, तिच्या आईला..."

"मी सांगणार नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं. आणि उद्या ती आली की मी तिला विचारणार आहे, तुमच्या मिस्टरांनी काही सांगितलं का म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टँडवरच जाऊन थांबलो. गाडी लागली, माणसं उतरली, शेवटी ती उतरली. मला फलाटावर बघून तिचा हात दाराच्या दांड्यावरच राहिला. पोरगी गेली असं तिला वाटलं.

"तिला काय झालं न्हाय," मी आधी ते सांगितलं. मग बाकीचं. फलाटाच्या खांबाशी उभं राहून, मोजक्या शब्दांत. आजूबाजूला माणसं गाड्यांच्या पाट्या वाचत होती.

"डायरीत तर निल हाय," ती म्हणाली.

"म्या लिवलं."

"पाची दिवस?"

"व्हय."

"आन् म्या पट्ट्यांची डबी बदलून आणली," ती म्हणाली. हे ती माझ्याशी बोलत नव्हती. मग एकदम तिनं विचारलं, "पोरीला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"म्हंजी तिलाबी गप बसाय लावलाव तुमी. एवढं दुकत असताना."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दवाखान्याकडं चालायला लागली, रोजच्यासारखी भराभर. मी मागं. वॉर्डात जाऊन ती पोरीच्या शेजारी बसली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "आता कायबी असलं तरी मला सांगायचं. कुणीबी न्हाय म्हनलं तरी. कळलं का?" पोरीनं मान हलवली आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. वॉर्डातल्या बायकांना वाटलं, आईच्या आठवणीनं. बायको वेळ झाल्यावर उठली आणि तिची गाडी वेळेवर सुटली.

त्यानंतरच्या दिवशीची गोष्ट आहे. बायको येऊन पोरीच्या पायाची सूज बघत होती, आणि सास्तूरच्या आजीनं इतके दिवस मनात ठेवलेलं एकदाचं तिला तोंडावर ऐकवलं. "बाई, रागाला यिऊ नको. पर एवढी कसली वो नोकरी? भाऊ बगा किती करतेत. बाप्या माणूस असून."

बायकोनं वर बघितलं नाही. मी म्हणालो, "मावशी, तिची कायबी चूक न्हाय. गोळ्या म्या बंद केल्त्या. तिला न सांगता. डायरीत खोटं लिवलं. पोरगी हितं आली ती माझ्यामुळं."

एका बाईनं लेकराच्या तोंडातला चमचा तसाच धरला. मला वाटलं, आता ह्या माझ्याकडं बघायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो.

आजीनं डोक्यावरचा पदर सावरला. "चुकतंय की माणूस," ती म्हणाली. "बापय ते, औषधातलं काय कळतंय त्याला? पोरीच्या मायेपायी केलं. आन् चारचौघांत कबूल केलं, ह्येला मोठं काळीज लागतंय." मग ती बायकोकडं वळली. "पर बाई, तू तरी बगाय पायजे हुतंस की. बाप्याच्या हातात कुणी औषध देतं व्हय?"

दोन-तीन जणींनी माना डोलावल्या.

बायको हसली. तसं हसताना मी तिला आधी बघितलं नव्हतं. "व्हय मावशी," ती म्हणाली, "चुकलंच माझं." तिनं मशीन उचललं, बॅग खांद्याला अडकवली आणि निघून गेली. आणि मी, ज्यानं नुकतंच सगळ्यांसमोर सगळं ओकून टाकलं होतं, तो त्या वॉर्डात आणखी वरच्या पायरीवर जाऊन बसलो. संध्याकाळी कुणीतरी घरून आलेला हुरडा पहिल्यांदा माझ्या हातावर ठेवला.

पुण्याला जावं लागलं नाही. सोळाव्या दिवशी पट्टीचा रंग फिका पडला, अठराव्या दिवशी जवळजवळ पिवळी. मॅडमनी सुट्टी दिली. निघताना त्यांनी गोळ्यांचा कागद बायकोच्या हातात दिला आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दवाखान्यात माझी खरी किंमत त्यांनी तेवढी ओळखली.

घरी आल्यावर बायकोनं गोळ्यांचा डबा कुलपाच्या कपाटात ठेवला. मुक्कामाला असली की ती सकाळी व्हिडिओ कॉल करायची. आधी पोरीनं पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायची, मग जिभेवर गोळी, मग रिकामं तोंड. मी तिथंच असायचो. फोन धरायला मला कुणी सांगायचं नाही, पोरगी तो तांब्याला टेकवून ठेवायची. अणदूरला आईला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "सांगितलंस ना? झालं मग." आणि सुनेबद्दल बोलायची तसंच बोलत राहिली.

आता पोरगी नववीत आहे. मधल्या वर्षांत आजार दोनदा उलटला, दोन्ही वेळा सर्दीनंतर, दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी पकडला. आता वर्ष होत आलं, गोळी नाही. चेहरा तिच्या आईसारखा लांबट निघाला. मागच्या उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघं घरात होतो. ती पुस्तकांना कव्हर घालत होती, मी त्यावर तिचं नाव टाकत होतो. ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "पप्पा, तवा मी गाल गाल केलं म्हणून झालं ना ते?"

"न्हाय," मी म्हणालो. "तू नऊ वर्षांची हुतीस. ते माझं हुतं."

"हां," ती म्हणाली आणि पुढचं पुस्तक पुढं सरकवलं. तिला पटलं नव्हतं. चार वर्षं ती हे घेऊन हिंडत होती, आणि बायकोनं मला माफ केलं की नाही ह्या एका काळजीत मी पोरीला कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला ते सांगितलं. ती दुसऱ्या दिवशीच्या ड्रेसला इस्त्री करत होती. "मला म्हाईताय," ती म्हणाली. "दवाखान्यातनं आल्यापास्नं दर परीक्षेच्या आधी ती मला हेच इचारती. म्या दरवेळी सांगती, तुझं न्हाय म्हनून."

"मला का न्हाय सांगितलंस?"

तिनं इस्त्री उभी केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशानं गाव विचारलं की कंडक्टर त्याच्याकडं बघतो, तसं.

"मग मला माफ केलंस का न्हाय, एवढं तरी सांग," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्याला येळ कुठाय," ती म्हणाली. "सरका जरा, वायर अडकलीय." मी सरकलो. तिनं बाहीवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.